हॅरॉल्ड मॅथ्यूजच्या संघात निवड झाली नाही, आता पुढे काय?

पत्र:

"ताई, आम्ही पश्चिम सिडनीत राहतो. मुलगा लहानपणापासून पेनरिथ क्लबाच्या भागातल्या ज्युनिअर लीगमध्ये रग्बी लीग खेळतो, हाफबॅक (संघाचा डाव रचणारा) आहे. येत्या नोव्हेंबरात त्याला पंधरा पूर्ण होतील. नुकतीच हॅरॉल्ड मॅथ्यूज कप या क्लबांच्या ज्युनिअर स्पर्धेच्या संघासाठी ट्रायल झाली, त्यात त्याचं नाव आलं नाही. 'अंगानं लहान आहे, पुढच्या वर्षी बघू' असं सांगितलं. त्याच्याच क्लबातला, त्याच्याहून वीतभर उंच असलेला मित्र मात्र निवडला गेला. तेव्हापासून मुलगा घरात कोणाशी धड बोलत नाही. यजमानांचं म्हणणं असं की मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. एक तर दुसऱ्या क्लबाच्या भागात घर घेऊ, स्पोर्ट्स हायस्कूलला घालू आणि पूर्ण जोर लावू, नाही तर खेळ आत्ताच बंद करून अभ्यासाला बसवू. ज्युनिअरमध्ये पुढे असलेलेच पुढे व्यावसायिक होतात का? पेनरिथचं उदाहरण तर सगळेच देतात. आम्ही काय करावं, आणि मुलाला काय सांगावं?"

ताई,

थेट उत्तर आधी देते, कारणं मागाहून. घर हलवू नका. खेळही बंद करू नका. आणि त्या ट्रायलवरून तुमच्या मुलाबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका, चांगला नाही की वाईट नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ज्युनिअर खेळाडू घडवणाऱ्या क्लबाला यश मिळतं का, हा एक. ज्युनिअरमध्ये निवडला गेलेला मुलगा पुढे व्यावसायिक खेळाडू होतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पुष्कळ अंशी 'हो' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर चौदा-पंधराव्या वर्षी कोणालाच देता येत नाही, सिलेक्टरांनाही नाही. पेनरिथचं उदाहरण देणारी मंडळी पहिलं उत्तर सांगतात आणि आईबाप ते दुसऱ्या प्रश्नाचं समजून घरी येतात. मी कित्येक वर्षं ज्युनिअर क्लबात टीम मॅनेजरचं काम केलंय. हा घोळ मी इतक्या घरांत पाहिलाय की तुमचं पत्र वाचताना जीव तुटला.

आधी वयाचा हिशेब करू, कारण मला वाटतं तुमच्या मुलाची निम्मी गोष्ट तिथेच आहे. हॅरॉल्ड मॅथ्यूज कप पूर्वी सोळा वर्षांखालचा होता, आता सतरा वर्षांखालचा आहे. वयाची रेघ १ जानेवारीला पडते. म्हणजे येत्या मोसमात त्या संघात जी मुलं असतील, त्यांतली सर्वांत मोठी जानेवारीतच सतरा पूर्ण करतील. तुमचा मुलगा त्याच वर्षी नोव्हेंबरात सोळा पूर्ण करणार. दोघांत फरक २२ महिन्यांचा! त्या वयात २२ महिने म्हणजे काय, हे कपाटातल्या त्याच्या जुन्या शाळेच्या पँटी काढून बघा. एकाला दाढी आली आहे, खांदे भरले आहेत, आणि दुसऱ्याचा आवाजही अजून नीट फुटलेला नाही. दोघांना एकाच मैदानावर उभं केलं तर निवडणाऱ्याचा डोळा कोणाकडे जाणार? वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं ज्युनिअर संघांत प्रमाणाबाहेर जास्त असतात, ही गोष्ट जगभर अनेक खेळांत दिसून आलेली आहे. त्यांच्यात गुण जास्त असतात असं मुळीच नाही. ती लवकर निवडली जातात, म्हणून त्यांना चांगला कोच मिळतो, जास्त सराव मिळतो, आणि मग दोन वर्षांनी ती खरोखरच पुढे गेलेली असतात.

तुमच्या मुलाला पुढच्या वर्षी याच स्पर्धेची आणखी एक संधी आहे. त्यानंतर एकोणीस वर्षांखालचा एसजी बॉल कप, मग एकवीस वर्षांखालचा जर्सी फ्लेग. "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य पुष्कळदा तोंडदेखलं असतं, हे मान्य. पण नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत ते खरंही असू शकतं. पेनरिथचा नेथन क्लिअरीही नोव्हेंबरातलाच, १४ नोव्हेंबर १९९७ चा. २०१६ मध्ये, अठराव्या वर्षी त्यानं फर्स्ट ग्रेडला, म्हणजे क्लबाच्या मुख्य संघात, पदार्पण केलं. आता लगेच त्याचा फोटो मुलाच्या खोलीत लावू नका. क्लिअरीचे वडील एनआरएलचे, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेतले, कोच आहेत, घरात खेळाचं शिक्षण जेवणाच्या ताटाबरोबर मिळत होतं. त्याचं उदाहरण मी फक्त एवढ्यासाठी दिलं की जन्माचा महिना दार बंद करत नाही.

आता पेनरिथ. उदाहरण खोटं नाही. २०२१, २०२२, २०२३, २०२४ अशी सलग चार विजेतेपदं त्यांनी मिळवली. सेंट जॉर्जनं १९५६ ते १९६६ या काळात सलग अकरा जिंकली होती, त्यानंतर सलग चार कोणालाच जमली नव्हती. जरोम लुआई, ब्रायन टोओ, स्टीफन क्रायटन ही पेनरिथजवळच्या माउंट ड्रुइट भागातली मुलं. २०२२ मध्ये तर एनआरएल, त्याखालचा एनएसडब्ल्यू कप, जर्सी फ्लेग आणि एसजी बॉल, चारही ठिकाणी पेनरिथच जिंकलं. हे पाहून कोणालाही वाटेल की ज्युनिअरचा जिना चढत गेलं की वरच्या मजल्यावर पोचतोच.

पण त्यासाठी क्लबाला किती थांबावं लागलं ते बघा. फिल गूल्ड २०११ मध्ये जनरल मॅनेजर म्हणून आले आणि आपल्याच भागातली मुलं घडवायची असं ठरवून कामाला लागले. त्यांच्या वीस वर्षांखालच्या संघानं २०१३ आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय युवा स्पर्धा जिंकली. या कामातून पहिलं मोठं विजेतेपद आलं २०२१ मध्ये, आणि तोवर गूल्ड स्वतः क्लब सोडून गेलेही होते. दहा वर्षं! आणि त्या विजेत्या संघातले सगळे काही शेजारपाजारचे नव्हते. कर्णधार आयझाया यो डोंगरापलीकडच्या डबोचा, लिअम मार्टिन टेमोराचा, जेम्स फिशर-हॅरिस तर न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडून आलेला. क्लबानं जाळं लांबवर टाकलं होतं आणि घरची मुलंही सांभाळली होती.

यश मिळाल्यावर काय झालं, हे तुमच्या यजमानांनी जरूर बघावं. प्रत्येक क्लबाला पगारावर सॅलरी कॅपची मर्यादा असते. मुलं मोठी झाली, नावारूपाला आली, त्यांची किंमत वाढली, आणि सगळ्यांना ठेवणं पेनरिथला परवडेना. मॅट बर्टन, व्हिलियामे किकाऊ आणि क्रायटन बुलडॉग्जकडे गेले, लुआई वेस्ट्स टायगर्सकडे, फिशर-हॅरिस वॉरियर्सकडे. म्हणजे एका क्लबानं घडवायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं, हे या खेळात नेहमीचंच आहे. ज्युनिअरवरचा खर्च क्लबाला तेव्हाच फळतो जेव्हा मागून सतत नवी मुलं येत राहतात. क्लबाच्या हातात शेकडो मुलं असतात. त्यांतली मोजकी जरी वर आली तरी क्लबाचं भागतं. तुमच्या घरात मुलगा एकच आहे, ताई. क्लबाचा हिशेब घरात आणून चालत नाही.

ज्युनिअरमधलं यश वर पोचतंच असं नाही, याचा दाखला हवा असेल तर ऑकलंडच्या वॉरियर्सकडे बघा. राष्ट्रीय युवा स्पर्धा २००८ ते २०१७ अशी दहा मोसम चालली. त्यांतली २०१०, २०११ आणि २०१४ ची विजेतेपदं वॉरियर्सच्या मुलांनी मिळवली, इतर कुठल्याही क्लबापेक्षा जास्त. आणि त्यांचा मोठा संघ? १९९५ पासून खेळतोय, २००२ आणि २०११ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेला, एकदाही जिंकला नाही. २०११ नंतर तर फायनल्सचं, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड बघायला त्यांना २०१८ उजाडलं. शॉन जॉन्सनसारखा खेळाडू त्या युवा संघातून मिळाला, हे खरंच. पण वीस वर्षांखालच्या मुलांमध्ये सगळ्यांना मागे टाकणारी पिढी पुरुषांमध्येही तशीच चालेल, ही अपेक्षा फोल ठरली. त्या स्पर्धेबद्दलची मोठी तक्रार हीच होती की मुलं मुलांशीच खेळत राहतात. तिशीतल्या कसलेल्या पुरुषाचा टॅकल (धरून खाली पाडणं) कसा लागतो, हे त्यांना फार उशिरा कळतं.

उलट बाजूही आहेच. मेलबर्न स्टॉर्मच्या शहरात रग्बी लीगचं ज्युनिअर खेळणं सिडनीच्या मानानं नगण्य होतं. त्यांनी क्वीन्सलंडमध्ये, ब्रिस्बेनच्या नॉर्थ्स डेव्हिल्स क्लबाच्या आधारानं, मुलं शोधली. कॅमरन स्मिथ, कूपर क्रॉंक आणि बिली स्लेटर तिथूनच वर आले. स्लेटर उत्तर क्वीन्सलंडमधल्या इनिसफेलचा. शाळा सुटल्यावर सिडनीत गाय वॉटरहाउस यांच्या तबेल्यात घोडे फिरवण्याचं काम करत होता. त्यानंतर मित्राबरोबर ब्रिस्बेनला जाऊन नॉर्थ्समध्ये ट्रायल दिली आणि २००३ मध्ये तो फर्स्ट ग्रेड खेळत होता. जोनाथन थर्स्टनला तर अंगकाठी बघूनच क्लबांनी नाकारलं होतं. पुढे त्यानं मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक चार वेळा मिळवलं, आणि २०१५ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेतल्या त्याच्याच फील्ड गोलनं (चालू खेळात बॉल खांबांमधून मारून) नॉर्थ क्वीन्सलंडला पहिलं विजेतेपद मिळालं.

या दोघांची नावं घेऊन मुलाला खोटी आशाही लावू नका. नाकारलेल्या हजारो मुलांमधून एखादाच थर्स्टन निघतो. एनआरएलमध्ये सध्या १७ क्लब आहेत, प्रत्येकाच्या मुख्य पथकात ३० जण, म्हणजे सगळ्या मिळून ५१० जागा. या जागा दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. एखादा खेळाडू दहा-दहा वर्षं बसलेला असतो. जी मोजकी जागा मोकळी होते तिथे न्यूझीलंडमधली, इंग्लंडमधली, रग्बीच्या दुसऱ्या प्रकारातली, म्हणजे रग्बी युनियनमधली, माणसंही येतात. म्हणून हॅरॉल्ड मॅथ्यूजमध्ये निवडल्या गेलेल्या मुलांपैकीही बहुतेक जण फर्स्ट ग्रेडपर्यंत पोचत नाहीत. तुमच्या मुलाचा तो उंच मित्रही कदाचित पोचणार नाही. त्याच्या घरच्यांना आत्ता हे कोणी सांगत नसणार, आणि मला त्यांची काळजी तुमच्याइतकीच वाटते.

त्या मित्राबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. पंधराव्या वर्षी अंगानं मोठा असलेला मुलगा कसा खेळतो, हे तुम्ही दर शनिवारी बघत असाल. बॉल घेतो, मान खाली घालतो, सरळ धावतो. दोघं-तिघं त्याला लोंबकळतात, तो त्यांना ओढत रेषेपार जातो आणि ट्राय मिळतो. आपण टाळ्या वाजवतो, कोचही पुढच्या वेळी बॉल त्यालाच द्यायला सांगतो. त्याला पायांची हालचाल शिकायची गरज पडत नाही, पास द्यायची गरज पडत नाही, टॅकल करताना डोकं कुठे ठेवायचं तेही नीट शिकावं लागत नाही. मग एकोणिसाव्या वर्षी समोरचे सगळे त्याच्याएवढेच होतात आणि त्याच्याजवळ दुसरं काही उरत नाही. चांगला कोच असेल तर हे आधीच ओळखतो. नसेल तर तो मुलगा जिंकत जिंकत मागे पडतो.

लहान चणीच्या हाफबॅकचं याच्या उलट. त्याला रोज डोकं चालवावं लागतं. पाच टॅकल झालेत, सहाव्याला बॉल सोडावा लागणार. अशा वेळी तुमचा मुलगा काय करतो ते पुढच्या सामन्यात नीट बघा. बॉल हातात यायच्या आधी मान वर करून समोरची रांग बघतो का? विंगर (कडेचा खेळाडू) पुढे सरकलाय हे दिसलं तर त्याच्या मागे किक टाकतो का, की घाईघाईनं उंच मारून मोकळा होतो? किक मारल्यावर धावत जातो का? आणि सामना संपत आला असताना, जोरदार टॅकल खाल्ल्यावर, उठून आपल्या जागेवर किती वेळात परत येतो? ट्राय किती केले यापेक्षा हे मला जास्त सांगून जातं. गुणसंख्या विसरा. दर काही महिन्यांनी एवढंच विचारा की मार्चमध्ये जे जमत नव्हतं ते ऑगस्टमध्ये जमतंय का. उत्तर 'हो' येत असेल तर मुलगा योग्य जागी आहे.

क्लब बदलायचाच झाला तर कोच बघून बदला. नाव, जर्सी किंवा गेल्या वर्षीचं विजेतेपद बघून नको. सध्याच्या कोचला भेटा आणि एकच गोष्ट विचारा: "पुढच्या ट्रायलपर्यंत त्यानं कोणत्या दोन गोष्टी सुधाराव्यात?" ठोस उत्तर मिळालं, जसं की डाव्या हाताचा लांब पास आणि आपल्या बाजूचा बचाव, तर तिथेच राहा. "अंग भरू दे" एवढंच उत्तर मिळालं तर चौकशी सुरू करायला हरकत नाही. अंग भरणं कोणाच्या हातात नसतं. आणि त्यासाठी दुकानातल्या पावडरींच्या नादी तर लागूच नका. क्लबांच्या व्यावसायिक पथकात जे चालतं ते पंधरा वर्षांच्या मुलाला लागू नाही.

स्पोर्ट्स हायस्कूल वाईट असतात असं मी म्हणणार नाही. त्यांतून मोठे खेळाडू आलेत. पण ती शाळा मुलाला हवी आहे की वडलांना, हे आधी पाहा. तिथे गेल्यानं अकरावीला त्याला हवे ते विषय मिळणार असतील, मित्र मिळणार असतील, प्रवास झेपणार असेल, तर जरूर विचार करा. त्यासाठी घर विकून कर्ज वाढवलंत तर मात्र त्या मुलाच्या खांद्यावर घराचा हप्ता बसतो. मग ट्रायलमध्ये चुकलेला प्रत्येक पास त्याला कर्जाच्या भाषेत ऐकू येतो. मी अशी मुलं पाहिलीत. सोळाव्या वर्षी ती खेळाला कंटाळलेली असतात आणि आईबापांसमोर ते बोलूही शकत नाहीत.

दुसरा पर्याय, खेळ बंद करून अभ्यास, तोही मला पटत नाही. अभ्यास तर खेळतानाही करायचाच आहे, आणि तो करायचाच ही अट घराची असू द्या. फर्स्ट ग्रेडला पोचलेल्या मुलाचीही कारकीर्द एका गुडघ्यात संपू शकते. पण नाव आलं नाही म्हणून खेळ काढून घेतलात तर त्याला एकच गोष्ट कळेल: घरात निवडीला किंमत आहे, खेळाला नाही. ज्या वयात पोरं खोलीत कोंडून घेतात, त्या वयात तो आठवड्यातून दोनदा चिखलात लोळून, दमून, भूक लागून घरी येतो. हे हातचं घालवू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन गोष्टी सांगते. पुढच्या वर्षी नाव आलं तर एजंट म्हणवणारी माणसं फोन करू लागतील. एनआरएलची मान्यता असलेल्या एजंटशीच बोला, आणि कागदावर सही करण्याआधी आपला वकील दाखवा. दुसरी गोष्ट डोक्याच्या माराची. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कन्कशन झालेल्या मुलानं सगळा त्रास थांबल्यानंतर १४ दिवस जाईपर्यंत टक्करीचा सराव करायचा नाही, आणि मार लागल्यापासून किमान २१ दिवस सामना खेळायचा नाही. ट्रायल जवळ आली की मुलं डोकेदुखी लपवतात. तुमचाही लपवेल. अशा वेळी ट्रायल चुकली तरी चालेल, हे त्याला आधीच, शांतपणे, यजमानांच्या तोंडून ऐकू द्या. तुम्ही सांगितलंत तर आई घाबरते म्हणून सोडून देईल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मुलाला काय सांगायचं. त्याला आत्ता उपदेश नकोय, आणि "पुढच्या वर्षी नक्की" हे तर मुळीच नको, कारण ते तुम्हाला माहीत नाही आणि त्यालाही ते कळतं. मैदानावरून परतताना गाडीत सामन्याचा विषय तुम्ही काढू नका, त्याला काढू द्या. वयाचा हिशेब मात्र कागदावर मांडून दाखवा. २२ महिन्यांचा आकडा बघितला की आपण कमी आहोत ही भावना जरा सैल होईल. मग सरळ विचारा की पुढच्या मोसमात खेळायचं आहे का. 'हो' म्हणाला तर क्लबाची नोंदणी करून टाका. 'नाही' म्हणाला तर महिनाभर थांबून पुन्हा एकदा विचारा. आणि मित्राचा पहिला सामना असेल त्या दिवशी त्याला जायचं असेल तर घेऊन जा. नसेल जायचं, तर आग्रह करू नका.